गुडघा बदलल्यानंतर नसेची कळ: ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?

आईचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला. एक्स-रे, सीआरपी (सूज-जंतुसंसर्ग बघायची रक्ततपासणी) नॉर्मल, सांधा पक्का बसलाय. पण टाक्यांच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा खाली बोट लागलं तरी करंट बसल्यासारखी कळ जाते. साडीचा काठ घासलेलाही सोसत नाही. प्रीगाबालिनने (नसेच्या दुखण्यावरचं औषध) नुसती गुंगी. पेन क्लिनिकमध्ये तिथेच भुलीचं इंजेक्शन दिलं, तर काही तास बाई चक्क जिना चढ-उतर करत होत्या! म्हणून डॉक्टरांना सॅफेनस नसेच्या (पायाच्या आतल्या बाजूच्या कातडीला संवेदना देणारी नस) वाटीखालच्या फांदीचा संशय आहे. आता ती फांदी कापून टोक स्नायूत पुरायचं, की आधी रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून रेडिओलहरी देऊन नसेची कळ दाबणं) करून बघायची? कापल्यावर तिथली कातडी बधिर राहते, ते तिला चालेल. पुणे-मुंबईत कुणी करून घेतलंय का? कळ परत आली का? आणि गाठायचं कुणाला, ऑर्थोपेडिक की प्लास्टिक सर्जन?