सुती कापडाला डायरेक्ट रंग देणं आता थांबवा

परळचा रंगारी
मंगलदास मार्केटमधून पांढरं सुती कापड आणायचं, रंगाची पुडी आणायची, मीठ टाकून उकळायचं. ही पद्धत बहुतेक ठिकाणी डायरेक्ट रंगाची असते. हा रंग धाग्याला नुसता धरून बसतो, जोडला जात नाही. म्हणून धुण्यागणिक सुटतो आणि सोबतच्या पांढऱ्या कपड्यांची वाट लावतो. १९५६ मध्ये आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने सुतासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. ते धाग्याशी रासायनिक बंध करतात. मग गिऱ्हाइकाला कच्चा रंग का द्यायचा?

१ किलो कोरड्या कापडाचं माप: पाणी २० लिटर, कोल्ड ब्रँड (कोमट पाण्यात चालणारा रिअ‍ॅक्टिव्ह) रंग २० ग्रॅम, मीठ १ किलो, धुण्याचा सोडा २०० ग्रॅम. आधी रंग आणि मीठ, मीठ दोनदा विभागून. अर्ध्या तासाने सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड बाजूला सारून ओतायचा. पुढे ३०-३५ अंशांवर तासभर हलवत राहायचं. थंड पाण्यात खळबळून झालं की साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं उकळी. ही उकळी चुकवली की न जोडलेला रंग कापडातच राहतो, पुढे सुटतो, आणि दोष रिअ‍ॅक्टिव्हवर येतो.

विक्रोळीची अपर्णा
माप बरोबर, निष्कर्ष अर्धवट. या पद्धतीत २० ते ४० टक्के रंग कापडाला लागतच नाही, कारण सोडा पडला की रंग पाण्याशीही प्रतिक्रिया करतो. तो रंग आणि किलोभर मीठ सरळ गटारात. मीठ तर जंतूंकरवी सांडपाणी साफ करणाऱ्या जैविक शुद्धीकरणानेही निघत नाही. डायरेक्ट रंगाला त्याच कापडासाठी २०० ते ४०० ग्रॅम मीठ पुरतं, रंगही बराच जास्त चढतो. शेवटी ४० अंशांवर २० मिनिटं फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) दिला की हलक्या छटा धुण्यात बऱ्यापैकी टिकतात. अस्तराला, क्वचित धुतल्या जाणाऱ्या ओढणीला आणखी काय हवं? सांडपाण्याची सोय नसलेल्या घरगुती खोलीत रिअ‍ॅक्टिव्हचा आग्रह मला पटत नाही.

परळचा रंगारी
फिक्सरने छटा मळकट होते, काही रंगांची उन्हातली टिकही घटते. तेही सांगा. शिवाय डायरेक्ट रंगांच्या घराण्याचा मूळपुरुष काँगो रेड, १८८४ चा, बेंझिडीन या रसायनावर बेतलेला. बेंझिडीन कर्करोगकारक आहे. भारतात असे रंग बंदीच्या यादीत आहेत, पण सुट्या पुडीवर नेमकं नाव नसेल तर तपासणार कसं?

विक्रोळीची अपर्णा
मुद्दा मान्य, पण तो निनावी मालाविरुद्ध आहे. नाव छापलेला, यादीबाहेरचा डायरेक्ट रंगही मिळतो. आणि रिअ‍ॅक्टिव्हची पूड श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. मास्क न लावता भुकटी मोजणारे कमी नाहीत.

दादरकर
दोघांनाही: बिघाड बहुधा रंगाच्या जातीत नसतो. कोणी खायचा सोडा टाकतं. त्याचा अल्कपणा अपुरा, रंग नीट जोडला जात नाही. कोणी हॉट ब्रँड (गरम पाण्यातला रिअ‍ॅक्टिव्ह) आणून थंड पाण्यात वापरतं. त्याला ८० अंशांच्या आसपास तापमान लागतं. टर्क्वाइजचंही (फिरोजी रंगाचंही) तसंच. बोअरचं जड पाणी असेल तर आधी लिटरमागे १-२ ग्रॅम कॅल्गॉन (पाणी मृदू करणारी पूड) टाका, नाहीतर डाग पडतात. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा. दमट हवेतलं पाणी पुडीतच रंग खर्ची घालतं.

धारावीतून चामडं आणणाऱ्यांनी मात्र ही सोड्याची पद्धत त्यावर चालवू नये. सोड्याने पाण्याचा पीएच (अल्कपणाचं माप) १०-११ होतो, त्याने चामडं कडक होतं, खराब होतं. तिथे अ‍ॅसिड रंग आणि शेवटी फॉर्मिक अ‍ॅसिड. लाकडाला पाण्यातला रंग दिला तर रेशे उभे राहतात, म्हणून आधी लाकूड ओलं करून, वाळवून २२० नंबरच्या सँडपेपरने घासावं.

परळचा रंगारी
अपर्णाताई, मिठाचा प्रश्न सोडवता येतो. कापड लिटरमागे ५० ग्रॅम सोड्याच्या पाण्यात भिजवा, निथळून पिळा, मग दाट रंगाचं पाणी लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. मुंबईच्या उकाड्यात रात्रभर पुरे. टबभर पाणी नाही, मीठ शून्य. गुंडाळी उघडी राहिली तर कडा सुकतात आणि रंग फिका पडतो. रंगाच्या पाण्यात लिटरमागे १०० ग्रॅम युरिया घातला की ओल टिकते.

विक्रोळीची अपर्णा
मीठ सुटलं, हे चांगलंच. पण धुण्याचं पाणी तितकंच राहतं, किंबहुना दाट छटेत वाढतं. फिक्या रंगासाठी मी डायरेक्टच सुचवेन; लाल, काळा, नेव्ही असेल तर तुमचं ऐकेन. विकण्यापूर्वी एवढी चाचणी दोन्हीला करा: ओला पांढरा सुती रुमाल कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला की रिअ‍ॅक्टिव्हचा माल परत उकळीत, डायरेक्टचा परत फिक्सरमध्ये.