गावाच्या बातम्या नेमक्या कुणासाठी?

बांधावरचा :
काल दगडी_चौथरा यांनी ‘या महिन्यात आपल्या गावात’ अशी लांबलचक यादी टाकली. रविवारी वारसा फेरी, संध्याकाळी बारवेवर (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर) हजार दिव्यांचा दीपोत्सव, वाड्याच्या दिंडी दरवाज्यात फोटो स्पर्धा, चुलीवरचं जेवण. आणि सगळ्यात खाली एक ओळ : ‘याच काळात भैरवनाथाची यात्राही आहे.’

यात्राही आहे! अहो, चैत्र वद्य अष्टमीला देवाच्या पालखीचा छबिना निघतो म्हणून तर गाव भरतं. लग्नपत्रिकेत जेवणाचा बेत छापायचा आणि तळाला लिहायचं, ‘मुहूर्तही आहे’, तसली गत झाली.

दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. पण लाइट रात्री बाराला येते (ही बातमीही यादीत नाही), मोटर चालू करून बांधावर बसलोय, वेळच वेळ आहे. तर या महिन्यात गावात काय आहे ते माझ्याकडून ऐका. नळाच्या नव्या टाकीला रंग दिला, पाणी दिलं नाही. शाळेचा पट 18 वर आलाय. ग्रामसभेची नोटीस चावडीच्या दारावर लागली होती, खालची अर्धी शेळीनं खाल्ली. उरलेल्या अर्ध्या भागात लिहिलंय की बारवेभोवतीच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे. ज्या बारवेवर तुम्ही हजार दिवे लावणार, तिच्याच उशाला! हे तुमच्या यादीत का नाही? कारण पाहुण्यांना त्यात रस नाही. गाव म्हणजे तुमचं प्रदर्शन, आणि आम्ही त्यातली धोतर नेसवलेली बाहुली.

दगडी_चौथरा :
मी पुण्यात राहतो हा गुन्हा कबूल. पण तीन वर्षांपूर्वी त्या बारवेची काय दशा होती हे सोयीस्कर विसरू नका. आम्ही 14 जणांनी 11 ट्रॉल्या गाळ काढला. त्यात बाटल्या, फुटके घट, निर्माल्य आणि एक अख्खी सायकल निघाली. तुम्ही तेव्हा बांधावरच बसला होता वाटतं.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर बघा. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली. लोक आवर्जून येतात, बघतात, म्हणून तिचं कौतुक टिकलंय. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा 1739 च्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेतली, तिच्यावर 1707 साल कोरलंय, हे आज शाळेतलं पोर सांगतं ते कुणीतरी सांगत राहिलं म्हणूनच. आपल्या गावात बघण्यासारखं कमी नाही, बोलणारी तोंडं कमी आहेत. ग्रामसभेची बातमी हवी होती तर टाकायची, तुमचा हात कुणी धरला होता?

थोरली_सून :
भाऊजी, गाळ काढलात ते खरं आहे, नाव राहील तुमचं. पण मागच्या महाशिवरात्रीला दिवे लावलेत, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो टाकला नाहीत. तो मी डोळ्यांनी पाहिला. पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात वाती तरंगत होत्या. पायऱ्यांवर काजळीचे गोल गोल डाग. तेल सांडलेल्या पायरीवरून आमच्या शेजारच्या आजी घसरल्या, मनगट प्लास्टरात गेलं. मी आणि जाऊबाईंनी राख आणि काथ्या घेऊन दोन दिवस पायऱ्या घासल्या. दिवे लावणारे तोवर पुण्याला पोचले होते.

नवव्या पायरीवर दोन खळगे आहेत, बघितलेत कधी? वाटीएवढे. दरवेळी घागर तिथंच टेकवून बायका दम घ्यायच्या, त्यानं दगड झिजलाय. आमच्या सासूबाई सांगायच्या, 1972 च्या दुष्काळात मध्यरात्री नंबर लावायचा आणि पहाटे एक घागर मिळायची, ती पण गढूळ. तुमच्या फेरीत त्या खळग्यांबद्दल कोण सांगतं? कमान कुठल्या शतकातली ते मात्र दहा मिनिटं सांगता. बाई कुठं बसायची हे विचारायला कुणी आमच्या दारात आलं नाही.

मोडीवाचक :
बारव राहू द्या. यादीत ‘स्टँडजवळचा योद्ध्याचा दगड, सेल्फीसाठी उत्तम’ असं लिहिलंय ते वाचून डोकं फिरलं. तो वीरगळ आहे हो, लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. एवढं स्वच्छ कोरीव काम आसपासच्या कुठल्या गावात नाही. आणि आपण त्याचं काय केलं? गेल्या वर्षी यात्रेआधी आख्ख्याला ऑइलपेंट! पांढरा, वर गेरूचे पट्टे. रंगाखाली ओल कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात. मधल्या पट्टीतल्या एका अप्सरेचं तोंड आता ओळखूही येत नाही. तो तिथून उचलून वाड्यात छपराखाली ठेवला पाहिजे, आणि याच ग्रामसभेत ठराव झाला पाहिजे.

माथाडी_नवी_मुंबई :
उचलून बघाच. तुमच्यासाठी वीरगळ असेल, आमच्यासाठी म्हसोबा आहे. आमच्या घराचा मान आहे तिथला, अमावस्येचा नारळ आमचा. माझा बाप मुंबईला हमालीला निघाला तेव्हा एसटीत पाय ठेवायच्या आधी तिथं नारळ फोडला. त्याच्या मागून मी गेलो तेव्हा मीही फोडला. मुंबईत गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत बावीस जणांत झोपून दिवस काढले, दर वर्षी यात्रेची पट्टी वेळेवर पाठवली, आणि आता दोन पुस्तकं वाचलेला माणूस म्हणणार की देव वाड्यात नेऊन ठेवा. वाडा कुणाचा? वाड्याच्या उंबऱ्याच्या आत माझ्या आज्याला पाऊल टाकू देत नव्हते. तिथं नेणार तुम्ही आमचा देव?

मोडीवाचक :
वाड्याचा मुद्दा मान्य, जागा चुकली माझी. पण नारळ तुम्ही फोडता कशावर? त्याच दगडाच्या कडेवर! खालच्या पट्टीतल्या घोड्याचं डोकं उडालंय ते मुघलांनी नाही उडवलं, तुमच्या नारळांनी उडवलं. देव म्हणता आणि देवाच्याच टाळक्यात नारळ हाणता, ही कसली भक्ती?

माथाडी_नवी_मुंबई :
तोंड सांभाळून. अष्टमीला गावात आहे मी, समोरासमोर बोलू.

गाडामालक :
दगडावर भांडा, पण बैलगाडा शर्यतींचं काय ते कुणी बोलणार का? 2014 ला कोर्टानं बंद केल्या तेव्हा गावाची यात्रा निम्मी झाली. 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली, 2023 ला घटनापीठानंही शिक्कामोर्तब केलं, तरी आमच्या शर्यतीच्या घाटावर अजून गाडा पळत नाही. सात वर्षं खिलार जोडी दावणीला बांधून पोसली मी. तो वारसा नाही का? त्याची फेरी काढा की.

निव्वळ_वाचक :
मी शेजारच्या तालुक्यातला, तुमचं गाव फक्त या धाग्यातून ओळखतो. आतापर्यंत समजलं ते असं : बारव पुणेकरांची, म्हसोबा मुंबईकरांचा, बैल गाडामालकांचे आणि गावात राहणाऱ्यांकडे अर्धी खाल्लेली नोटीस. अभिनंदन.

बांधावरचा :
निव्वळ_वाचक, हसा. तुमच्याही गावात हेच असणार, फक्त शेळी वेगळी.

पण दगडाबद्दल एक सांगतो, दोघांनाही आवडणार नाही. माझ्या लहानपणी तिथं असे तीन दगड होते. शेंदूर एकालाच होता. रस्त्याचं काम निघालं तेव्हा बिनशेंदराचे दोन दगड ओढ्याच्या मोरीत गेले. उन्हाळ्यात ओढा आटला की मोरीच्या उजव्या अंगाला वाका, आडवी पट्टी आणि त्यातले चार पाय दिसतात. शेंदराच्या दगडाला जेसीबीवाल्यानं हात लावायला नकार दिला, वर पाया पडून गेला. म्हणजे मोडीवाचक, तुमचा वीरगळ या मुंबईकरांच्या अमावस्यांनी वाचवलाय, कुठल्या खात्यानं नाही.

मोडीवाचक :
मोरीतल्या दगडांचं मला माहीत नव्हतं. तीस वर्षं गावात येतोय आणि त्या मोरीवर बसून कितीदा तरी विड्या ओढल्यात, लाज वाटली. ठीक आहे, शेंदरानं वाचवला. ऑइलपेंट मात्र शेंदूर नव्हे, तो कुठल्या पोथीत सांगितलेला नाही. एवढा हट्ट माझा राहील.

माथाडी_नवी_मुंबई :
पेंट आम्ही नाही दिला. यात्रा कमिटीच्या पोरांनी मंदिराचा उरलेला डबा संपवला. आम्हालाही ते दिसायला बरं वाटलं नव्हतं, पण तुमच्यासमोर कोण कबूल करणार. नारळासाठी शेजारी वेगळा दगड टाकतो, म्हणजे पुस्तकवाल्यांच्या घोड्याला दुखायला नको. दगड हलणार नाही.

दगडी_चौथरा :
सेल्फीची ओळ काढली. वाईट लिहिली होती.

पण पेव्हर ब्लॉकचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे सगळ्यात गंभीर आहे. वरची माती सिमेंटनं बंद केली की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं, झरे बसतात, मग बारव म्हणजे नुसता दगडी खड्डा. ती संरक्षित स्मारक असती तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय भोवती फरशी टाकता आली नसती. ती कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे जे काही अडवायचं ते ग्रामसभेतच. बांधावरचे, तुम्ही तर गावात असता. विरोध का नाही केला?

बांधावरचा :
आता आलात मुद्द्यावर. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढी माणसं गणपूर्तीला लागतात. आपले मतदार 900 च्या आसपास, म्हणजे 100 हवीत. गेल्या सभेला 31 होतो. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. पुढच्या खेपेला आठजण आले, चहा झाला, विषय ठेवून मंजूर. आता या सभेत तेच इतिवृत्त कायम करायला येणार आहे. आणि नाही, त्या आठांत मी नव्हतो. कांदा काढणी चालू होती. बोला आता.

गाडामालक :
म्हणजे बांधावरचेही बांधावरच.

बांधावरचा :
हो. घातलंत तोंडात. गप्प बसतो.

थोरली_सून :
मी होते त्या 31 मध्ये. महिलांच्या सभेतही होते, तिथं आम्ही बारवेजवळ फरशी नको, धुण्याची मोरी नीट करा असं लिहून दिलं होतं. तो कागद पुढं कुठं गेला कुणास ठाऊक. त्याही शेळीनं खाल्ला असेल.

दगडी_चौथरा :
ठरलं. यादी बदलली. यात्रा सगळ्यात वर, छबिन्याची वेळ रात्री नऊ, इनामाच्या कुस्त्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. त्याच्या खाली ग्रामसभा, ठळक अक्षरात. यात्रेला मुंबई-पुण्याहून आलेल्यांपैकी ज्यांचं मत गावात आहे त्यांनी सभेला थांबा, एक दिवस जास्तीची रजा टाका. वारसा फेरी सभेनंतर. दीपोत्सवाचं मात्र मी सोडणार नाही, पोरं त्यासाठीच गाळ काढायला येतात, हे तुम्हाला कितीही टोचलं तरी.

माथाडी_नवी_मुंबई :
माझं मत गावातच आहे. बदललं नाही, बापानं बदलू दिलं नाही. खोलीवरच्यांना विचारतो, सात-आठ जण थांबतील. मोडीवाचकांना सांगा, सभेला मी त्यांच्या शेजारीच बसतो.

मोडीवाचक :
नारळ घेऊन येऊ नका म्हणजे झालं.

थोरली_सून :
दिवे लावायचेच तर वरच्या कठड्यावर लावा, एकही पायरीवर नको. खाली थाळी, थाळीत वाळू, वाळूत पणती. आणि हजार नको, दोनशेनंही बारव उजळते. वाती मी वळून देते. तेल मात्र मी मोजून ओतणार, आणि सकाळी काथ्या घेऊन कोण कोण येणार त्यांची नावं आधी इथं लिहा.