शब्दचर्चा: सुरमई, इसवण, किंग मॅकरेल

प्रश्न, नागपूरहून: इथल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर सुरमईपुढे कधी ‘किंग मॅकरेल’ तर कधी ‘सीअर फिश’ लिहिलेलं असतं. मॅकरेल म्हणजे बांगडा, एवढं ठाऊक आहे. मग सुरमई म्हणजे मोठा बांगडाच का? आमच्या शेजारच्या मालवणी काकू तिला इसवण म्हणतात. आम्ही रोहू, कतला, मरळ, वाम, शिंगाडा ओळखणारी माणसं. समुद्राच्या मासळीचे शब्द आमच्याकडे अर्धेमुर्धेच पोचतात. पकडण्यापासून ताटापर्यंतचे शब्द कोणी सांगेल का?

उत्तर, मालवणहून: बांगडा आणि सुरमई एकाच कुळातले, पण मासे वेगळे. सुरमई ‘स्कॉम्बेरोमोरस’ या गटातली. आपल्या किनाऱ्यावर तिचे मुख्य प्रकार दोन. एकीच्या अंगावर उभे, नागमोडी पट्टे असतात, ती दीड-दोन मीटरपर्यंतही वाढते. दुसरीच्या अंगावर ठिपके, ती आकाराने बरीच लहान. पुस्तकांत ‘किंग मॅकरेल’ हे नाव या ठिपकेवालीला लावतात आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका तिसऱ्याच जातीलाही, म्हणून घोटाळा होतो. बाजारात मात्र सगळी सुरमईच. गोव्यात आणि आमच्याकडे इसवण, कोकणपट्टीत काही ठिकाणी तोवर. तुमच्याकडचे तेलुगू शेजारी वंजरम म्हणतील, मल्याळी नेय्मीन.

आता पकडण्याचे शब्द. गरी म्हणजे गळ, आणि गळ टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी, सुरीसारखे धारदार. साधा दोर ती सहज कापते, म्हणून गरीच्या वर हातभर तार बांधावी लागते. चालत्या होडीमागे गरी ओढत नेली की ती झेपावते, कारण ती स्वतः वेगात पोहत लहान मासळीचा पाठलाग करणारी. जास्त माल येतो तो तरंगत्या जाळ्यात. त्याला वावरी म्हणतात. रापण वेगळी: ती किनाऱ्यावरून ओढायची, तिच्यात मुख्यतः बांगडा, तारली मिळते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांत कोणी ‘आजची ताजी’ म्हणालं तर नीट विचारून घ्या.

उत्तर, नागपूरहूनच: ‘सुरमई’ मुळात रंगाचं नाव. सुरमा हा फारसीतून आलेला शब्द, आणि सुरम्याचा निळसर करडा रंग तो सुरमई. नागपुरात हिंदी रोज कानावर असते, त्यामुळे आपल्याला आधी रंगच आठवतो. अख्खा मासा पाठीकडून पाहा, मग नाव लगेच पटतं: पाठ निळसर करडी, पोट चांदीसारखं.

उत्तर, रत्नागिरीहून: ताई, कापण्याचे शब्द मी सांगते. आम्ही ‘पीस’ म्हणत नाही, तुकडी म्हणतो. सुरमई काट्यासकट आडवी कापायची, करंगळीएवढ्या जाडीची. पोटाकडच्या तुकडीला मध्ये पोकळी असते, ती जास्त तेलकट आणि मऊ. शेपटीकडची भरीव, गोल. तळायला मला शेपटीकडची आवडते, कालवणाला पोटाकडची आणि डोकं. खवले नावापुरतेच, त्यामुळे सोलायचा त्रास नाही. कल्ले काढायचे आणि मधल्या काट्याला चिकटलेलं काळपट रक्त बोटाने खरवडून धुवायचं. हे राहिलं तर कालवणाला उग्र वास येतो. पोटात अंड्यांची पिशवी निघाली तर ती गाबोळी. ती फेकू देऊ नका, हळद-मीठ लावून हलक्या हाताने तळा.

तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर तळा. एक बाजू पुरती झाल्याशिवाय उलटू नका, नाहीतर तुकडी मोडते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. ‘कालवण’ म्हणजे आमचा रस्साच ना? सावजी मसाल्यात केलं तर?

उत्तर, नागपूरहूनच: रस्साच, पण सावजी रस्सा मरळीसाठी ठेवा. तिचं मांस घट्ट, तो मसाला पेलतं. सुरमईची स्वतःची चव त्यात बुडून जाते. आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. मुंबईहून इथे यायला मासळीला सात-आठशे किलोमीटर प्रवास करावा लागतो. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या कुळातली मासळी बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. मग तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. शिजवल्याने ते जात नाही. म्हणून आधीच कापलेल्या तुकड्या घेण्यापेक्षा ‘भाऊ, अख्खी दाखवा, मग तुकड्या करा’ असं म्हणा. डोळे फुगीर, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर आली, तरच घ्या.