एचएसव्ही-२ आयजीजी १.८ ‘पॉझिटिव्ह’, पण फोड एकही नाही. रिपोर्ट कसा वाचायचा?

मध्यरात्र:
नेहमीच्या आरोग्य तपासणीसोबत लैंगिक आजारांचं पॅनेल केलं होतं. त्यात हर्पिसच्या विषाणूचीही (एचएसव्ही; प्रकार १ बहुधा ओठावर, प्रकार २ जननेंद्रियावर) रक्तचाचणी होती. रिपोर्ट असा आला:

एचएसव्ही-१ आयजीजी: २८.४, पॉझिटिव्ह
एचएसव्ही-२ आयजीजी: १.८, पॉझिटिव्ह (१.१ च्या वर पॉझिटिव्ह असं खाली छापलंय)
एचएसव्ही १+२ आयजीएम: पॉझिटिव्ह
एचआयव्ही आणि सिफिलिस: निगेटिव्ह

जननेंद्रियावर आजवर फोड, जखम, आग काहीच नाही. लहानपणी तापानंतर ओठावर फोड उठायचे, तेवढंच. रिपोर्टवर नजर टाकून ‘जननेंद्रियाचा हर्पिस आहे आणि अलीकडेच लागलाय’ असं सांगितलं गेलं, गोळ्याही लिहून दिल्या. जोडीदाराचा एचएसव्ही-२ आयजीजी निगेटिव्ह आहे, त्यामुळे आता घरात संशयाचं वातावरण आहे. १.८ या आकड्यावर कितपत विसंबायचं? आयजीएमवरून ‘अलीकडेच’ हे ठरतं का? पुढची चाचणी कोणती, कधी करायची? आणि खरंच निघालं तर?

सूक्ष्मदर्शी:
घरात जे चाललंय ते आधी थांबवा. या कागदावरून कुणी कुणाला फसवलं हे ठरत नाही. तुम्हाला एचएसव्ही-२ आहे, हेसुद्धा त्यावरून अजून ठरलेलं नाही.

आयजीएमची ओळ खोडून टाका. आयजीएम आणि आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं: आयजीएम आधी येणारी, आयजीजी नंतर येऊन टिकणारी. ही चाचणी एक आणि दोन हे प्रकार नीट वेगळे करत नाही. कांजिण्यांचा विषाणू, सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार अशा भाऊबंदांच्या प्रतिपिंडांमुळेही ती पॉझिटिव्ह येते. आणि जुना संसर्ग पुन्हा उसळला तरी आयजीएम वाढतं, म्हणून त्यावरून ‘नवा की जुना’ ठरवता येत नाही. हर्पिसच्या निदानासाठी आयजीएम करू नये असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तरी पॅनेलमध्ये ती असतेच, आणि तिच्यापायी लोकांची झोप उडते.

एचएसव्ही-१ चा २८.४ बहुधा खरा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: लहानपणीचे ओठावरचे फोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील ३८० कोटी लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे, म्हणजे सुमारे ६४ टक्के. रक्ताची चाचणी विषाणू शरीरात कुठे बसलाय ते सांगत नाही, आणि आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असंही नसतं.

आता १.८. या आकड्याला इंडेक्स म्हणतात. त्यात साधारणपणे ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ संदिग्ध आणि १.१ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. चाचणी विषाणूच्या ग्लायकोप्रोटीन-जी या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. भलतीच प्रतिपिंडं तिथे थोडीशी चिकटली तरी आकडा १.१ ओलांडतो. म्हणून १.१ ते ३.० हा पट्टा बदनाम आहे. त्यातले कितीतरी पॉझिटिव्ह पक्क्या चाचणीत खोटे निघतात, विशेषतः ज्यांना लक्षणं कधीच नव्हती त्यांच्यात. लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्तचाचणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. त्यामागचं एक मोठं कारण हेच खोटे पॉझिटिव्ह आहेत.

पुढे काय करायचं ते असं. संशयाचा शेवटचा संबंध कधी झाला ते धरून १२ आठवडे पूर्ण होऊ द्या, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला काहींना एवढा वेळ लागतो. मग वेगळ्या पद्धतीची चाचणी करा. त्याच कंपनीच्या त्याच किटवर पुन्हा केलीत तर तीच चूक तशीच उमटू शकते. सर्वांत भरवशाची वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे विषाणूच्या अनेक प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं वेगवेगळी पाहणारी चाचणी. ती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते आणि नमुना तिथे पाठवावा लागतो. ती जमणार नसेल तर डॉक्टरांना दुसऱ्या तत्त्वावरची, प्रकार वेगळे करणारी आयजीजी चाचणी लिहून द्यायला सांगा. दोन्ही वेळी मिळालेले आकडे मागून घ्या. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट स्वीकारू नका. नवा संसर्ग असेल तर आकडा काही आठवड्यांत चढत जातो. महिनोन्महिने १.७, १.९ असाच रेंगाळत राहिला तर खोटा असण्याचा संशय बळावतो.

गोळ्यांबद्दल: फोड नाहीत, निदान पक्कं नाही, अशा वेळी त्या कशासाठी चालू ठेवायच्या, हा प्रश्न लिहून देणाऱ्यांनाच विचारा. आणखी एक अडचण अशी की संसर्ग खरोखर नवा असेल आणि गोळ्या लगेच सुरू झाल्या, तर प्रतिपिंडं उशिरा तयार होऊ शकतात. मग बाराव्या आठवड्याचा निगेटिव्हही पुरेसा भरवशाचा राहत नाही.

काठावरचा:
याच धाग्यात विचारतो, कारण माझी बाजू नेमकी उलटी आहे. फोड आले, स्वॅबचा पीसीआर एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह आला, आणि त्याच दिवशीचं आयजीजी दोन्ही प्रकारांसाठी निगेटिव्ह. यातला खरा रिपोर्ट कोणता?

गवतफूल:
दोन्ही खरे.

फोडातून घेतलेल्या स्वॅबचा पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे निदान पक्कं. तिथे विषाणूचा डीएनए सापडलाय, इंडेक्सची भानगड नाही. त्याच वेळी आयजीजी निगेटिव्ह म्हणजे शरीराला अजून प्रतिपिंडं बनवायला वेळ मिळालेला नाही. म्हणून संसर्ग नवा, बहुधा मागच्या काही आठवड्यांतला. पहिल्याच उठावाला स्वॅब आणि आयजीजी दोन्ही एकाच प्रकारासाठी पॉझिटिव्ह आले असते तर अर्थ उलटा झाला असता: विषाणू आधीपासून होता, फोड आता दिसले. असं महिन्यांनी किंवा वर्षांनीही होतं, आणि म्हणूनच ‘आता फोड आले म्हणजे आताच लागलं’ हे गणित चुकतं. एक सावधगिरी मात्र हवी. एचएसव्ही-१ च्या आयजीजी चाचणीतून सुमारे ३० टक्के खरे रुग्ण सुटतात. तेव्हा ‘नवा’ हा निष्कर्षही बहुधाच्या पुढे नेऊ नका.

ज्यांचा स्वॅब अजून व्हायचाय त्यांच्यासाठी. चाचणी बिघडते ती बहुतेकदा नमुना घेतानाच. फोड ताजा हवा, उठल्यापासून ४८ तासांच्या आत. पाणीदार फोड सुईने उघडून त्याच्या तळावर स्वॅब दाबून फिरवायचा, कारण विषाणू तळातल्या पेशींत असतो. वरवर पुसलेलं पाणी किंवा खपली यांचा फारसा उपयोग नाही. नळी विषाणूंसाठीच्या द्रवाची असावी. जिवाणूंच्या कल्चरसाठीच्या जेलच्या नळीत पाठवलेला नमुना बहुधा वाया जातो. मागणीपत्रावर ‘एचएसव्ही पीसीआर, प्रकारासह’ असं लिहून घ्या. जखम सुकत आल्यावर किंवा गोळ्या सुरू झाल्यावर आलेल्या निगेटिव्हवर ‘नाही’ असा शिक्का मारू नका. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी जा.

प्रकार माहीत असणं फार महत्त्वाचं, कारण पुढचा प्रवास त्यावर ठरतो. जननेंद्रियावर एचएसव्ही-१ असेल तर तो मुखमैथुनातून आलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो क्वचित उलटतो. पहिल्या वर्षात सरासरी एखादा उठाव, नंतर त्याहूनही कमी. एचएसव्ही-२ पहिल्या वर्षी चार-पाच वेळा डोकं वर काढू शकतो, मग हळूहळू विरळ होतो.

पहिला उठाव दोन-तीन आठवडे टिकू शकतो. ताप, अंगदुखी, जांघेत अवधाण, लघवीला आग हे सगळं त्यातच येतं. औषधांच्या प्रचलित मात्रा: ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून २ वेळा, ७ ते १० दिवस. जखमा भरल्या नसतील तर डॉक्टर मुदत वाढवतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून तो आधी सांगा. पाणी भरपूर प्या. नागिणीसाठी लिहिलेली जुनी चिठ्ठी वापरू नका. तो विषाणू वेगळा आणि मात्राही वेगळी. ॲसायक्लोव्हिरच्या मलमाचा इथे जवळजवळ उपयोग होत नाही. स्टेरॉइड मिसळलेलं ‘खाज-पुरळ’वालं मलम तर अजिबात लावू नका, त्याने जखम चिघळते.

लघवी करताना त्या जागी कोमट पाण्याची धार सोडा किंवा टबात बसून लघवी करा, आग बरीच कमी होते. पाणी टिपून घ्या, चोळू नका. सैल सुती कपडे घाला. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, बधिर करणारं लिडोकेन जेल डॉक्टरांना विचारून वापरा. हात लागला तर साबणाने धुवा आणि डोळ्यांना लावू नका.

लघवी पूर्ण अडली, मान आखडून जबर डोकेदुखी सुरू झाली, उजेड सहन होईना, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात जा.

मध्यरात्र:
मनावरचं मोठं ओझं उतरलं. पण दुसऱ्या चाचणीतही पॉझिटिव्ह निघालंच, तर जोडीदाराला काय सांगायचं? कंडोम वापरला की पुरेसं आहे का?

सूक्ष्मदर्शी:
पुरेसं नाही, पण उपयोग नक्की होतो. हा विषाणू त्वचेवरून त्वचेवर जातो आणि कंडोमने न झाकलेल्या जागेवरूनही बाहेर पडतो. फोड नसतानाही बाहेर पडतो, हे लोकांना पटायला जड जातं. दररोज स्वॅब घेऊन केलेल्या एका अभ्यासात एचएसव्ही-२ असलेल्या पण कधीच लक्षणं न जाणवलेल्या लोकांत सुमारे १० टक्के दिवशी विषाणू सापडला, तर लक्षणं असलेल्यांत सुमारे २० टक्के दिवशी.

म्हणून तीन गोष्टी एकत्र करायच्या. फोड असताना, आणि त्याआधीची चुणचुण, मुंग्या किंवा मांडी-नितंबातला ठणका सुरू झाल्यापासून जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नाही, कंडोम घालूनही नाही. बाकी दिवशी कंडोम. आणि हवं असल्यास रोजची गोळी, व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४८४ जोडप्यांच्या अभ्यासात या गोळीने जोडीदाराला एचएसव्ही-२ लागण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं: आठ महिन्यांत ३.६ टक्क्यांऐवजी १.९ टक्के. गोळी न घेणाऱ्या गटाचा आकडा पुन्हा वाचा. नियमित संबंध असूनही शंभरातल्या ९६ जोडीदारांना त्या काळात विषाणू लागला नव्हता. जोडीदाराला सांगताना हाच आकडा सांगा. ‘आपल्याला होणारच’ ही भीती त्याने बरीच निवळते.

सांगायचं ते संबंधाच्या आधी, शांत वेळी, आणि तीन वाक्यांत. ‘माझ्या रक्ततपासणीत एचएसव्ही-२ आढळला आहे. तो कधीपासून आहे हे या चाचणीने कळत नाही. तुला लागू नये म्हणून मी हे हे करणार आहे.’ आधी रडून माफी मागितलीत तर समोरच्याला गुन्ह्याची कबुली ऐकल्यासारखं वाटतं, आणि इथे गुन्हा घडलेला नाही. एकच टॉवेल, कपडे, कमोड, पोहण्याचा तलाव यांतून पसरण्याची चिंता सोडा.

वारंवार उठाव येणाऱ्यांनी गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून २ वेळा, ३ दिवस, अशी एक पद्धत आहे. पहिली गोळी चुणचुण जाणवताच किंवा फोड दिसल्याच्या दिवशीच पोटात गेली पाहिजे. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी घ्यायला गेलात तर औषधाचा फायदा बराचसा निघून गेलेला असतो.

गवतफूल:
एक भर. घरात गरोदरपण असेल किंवा ठरत असेल तर प्रसूतितज्ज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगा, मग विषाणू दोघांपैकी कुणालाही असो. आईला जुना संसर्ग असेल तर बाळाला धोका फार कमी, एक टक्क्याहूनही खाली, कारण आईची प्रतिपिंडं बाळापर्यंत पोचलेली असतात. खरा धोका शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच संसर्ग झाला तर. तेव्हा तो ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून जोडीदाराला विषाणू असेल आणि आईला नसेल तर शेवटचे तीन महिने योनिमार्गाचे संबंध टाळायचे. जोडीदाराच्या ओठावर फोड येत असतील किंवा त्याला एचएसव्ही-१ असेल तर मुखमैथुनही टाळायचं. आईला उठाव येत असतील तर ३६ व्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर देतात. कळा सुरू होताना फोड किंवा चुणचुण असेल तर सिझेरियन करतात.

मध्यरात्र, तुमच्या बाबतीत आत्ता करण्यासारखं एवढंच: बारा आठवड्यांची तारीख काढा, वेगळ्या पद्धतीच्या चाचणीची चिठ्ठी मागा, आणि दरम्यान कुठे फोड किंवा चीर दिसली तर त्याच दिवशी स्वॅब करा. त्या स्वॅबवर १.८ पेक्षा जास्त विश्वास ठेवता येईल.