ड्यूक-कॅरोलिना मॅच: लहान स्टेडियम दणाणतं आणि मोठं शांत का वाटतं? खरे फॅन कुणाचे?

डरहॅममध्ये_नवा

नमस्कार मंडळी. मी ऑगस्टमध्ये डरहॅमच्या ड्यूक युनिव्हर्सिटीत मास्टर्ससाठी आलोय आणि माझा शाळेपासूनचा मित्र त्याच वेळी यूएनसीला (नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटी, इथे नुसतं ‘कॅरोलिना’ म्हणतात), चॅपल हिलला. दोन्ही कॅम्पस नॉर्थ कॅरोलिनातच, मध्ये जेमतेम १६ किलोमीटर रस्ता. आल्यापासून आमचं एकाच गोष्टीवरून वाजतंय ते म्हणजे बास्केटबॉल, नाशिकला असताना दोघांनीही कधी धड मॅच पाहिली नव्हती पण इथे आल्यावर महिनाभरात माणूस एका बाजूचा होऊनच जातो.

त्याचं म्हणणं असं की आमच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये २१ हजारांवर माणसं बसतात, तुमच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये फक्त ९,३१४, मग कुणाचे फॅन जास्त ते आकड्यातच दिसतंय. मी म्हणतो जुन्या मॅचेस लावून बघ, कॅमेरॉनमध्ये कॉमेंटेटरला ओरडून बोलावं लागतं आणि तुमच्याकडे खाली पहिल्या रांगांत लोक आरामात बसलेले दिसतात. वाद काही मिटत नाहीये.

तर जे इथे बरीच वर्षं आहेत त्यांना विचारायचंय, नुसत्या भरलेल्या खुर्च्यांवरून निष्ठा ठरते का? आणि दुसरं, सप्टेंबरमध्ये ग्रॅड स्टुडंट्सचं तिकिटांसाठी कॅम्पआउट असतं म्हणतात, त्यासाठी अख्खा वीकेंड घालवावा का? असाइनमेंट्स डोक्यावर आहेत.

जुना_ब्लू_डेव्हिल

वेलकम रे. आधी कॅमेरॉनबद्दल. ही इमारत जानेवारी १९४० ची, त्यामुळे आजच्या स्टेडियमसारखा ऐसपैस प्रकार तिथे नाहीच. पण खरी गोष्ट क्षमता नाही, कोण कुठे बसतं ही आहे. कोर्टाला अगदी खेटून, साइडलाइनला, अंडरग्रॅड पोरं उभी असतात. उभी, बसत नाहीत कोणी. बाहेरच्या टीमचा खेळाडू बॉल आत टाकायला साइडलाइनवर आला की त्याच्या पाठीशी हाताच्या अंतरावर पोरं असतात. पैसेवाले देणगीदार वरच्या मजल्यावर. अंडरग्रॅडला तिकिटाचे पैसे नाहीत, कॉलेजचं कार्ड दाखवायचं आणि आत जायचं, पण मग जागा मिळवायची कशी तर रांग लावून. आणि कॅरोलिना मॅचची रांग म्हणजे तंबू. १९८६ ला काही पोरांनी या मॅचच्या आधी बाहेर तंबू ठोकले आणि त्यातून आजचं के-व्हिल, म्हणजे तंबूंची वस्ती, उभं राहिलं, ड्यूकचे तेव्हाचे कोच के (माइक शशेफ्स्की) यांच्या नावावरून. नियम पोरांनीच लिहिलेले, हजेरी घेणारेही पोरंच. एका तंबूत जास्तीत जास्त १२ जण, सुरुवातीच्या टप्प्यात त्यातल्या बहुतेकांनी रात्री तिथेच झोपायचं, मॅच जवळ येईल तशी सूट वाढत जाते. जानेवारीच्या थंडीत हं हे सगळं.

नुसता दंगा घालणारे म्हणून नाव ठेवतात लोक, पण एक किस्सा सांगतो. १९८४ च्या जानेवारीत मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या एका खेळाडूला इथल्या पोरांनी फार खालच्या पातळीवर जाऊन चिडवलं. ड्यूकचे तेव्हाचे प्रेसिडेंट टेरी सॅनफर्ड यांनी पोरांना काकाच्या सुरात एक पत्र लिहिलं, खाली सही ‘अंकल टेरी’. थोडं सभ्य व्हा, शिवीगाळ नको, डोकं वापरा असा मथितार्थ. पुढची घरची मॅच नेमकी कॅरोलिनाशी. तर पोरं डोक्यावर देवदूतासारखी वलयं लावून आली, कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ यांच्या स्वागताचे बोर्ड धरले, आणि रेफरीचा निर्णय पटला नाही की शिव्यांच्या जागी एका सुरात ‘आम्ही नम्रपणे असहमत आहोत’ अशा अर्थाची घोषणा. मॅच हरलो आपण. पण ओरडण्यातही कल्पकता लागते आणि ती रात्र रात्र एकत्र काढलेल्या पोरांनाच सुचते असं माझं पक्कं मत आहे.

कॅरीची_ताई

मी कॅरोलिनाची, शिकले पण तिथेच आणि नंतर इथेच कॅरीला स्थायिक झाले, त्यामुळे आमची बाजू मांडते. स्मिथ सेंटर शांत का, याचं उत्तर ‘फॅन कमी प्रेम करतात’ हे नाहीये. ते सेंटर बांधलं खासगी देणग्यांवर, ३ कोटी डॉलरच्या वर रक्कम लोकांनी दिली, आणि ज्यांनी दिली त्यांना त्या बदल्यात कोर्टाजवळच्या चांगल्या खुर्च्यांचा हक्क मिळाला. उद्घाटनाची मॅच जानेवारी १९८६, समोर ड्यूकच, आणि ९५-९२ ने जिंकलो. पण तेव्हा जे पन्नाशीचे होते ते पुढे सत्तरीचे झाले आणि खुर्च्या त्यांच्याच. विद्यार्थी बरेचसे लांब किंवा वर. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसेल याने आमच्या प्रेक्षकांना ‘वाइन आणि चीजवाले’, म्हणजे पार्टीला आल्यासारखे निवांत बसणारे, म्हटलं ते आजतागायत चिकटलंय, आणि मला ते अजूनही लागतं.

कारण मला २००० चा जानेवारी माहितीये. इथे एवढा बर्फ पडला की रस्ते बंद, सगळं शहर ठप्प. मेरीलँडशी मॅच होती, लांबून गाडीने येणारे तिकीटवाले पोचूच शकत नव्हते. मग दारं उघडली, जो चालत येईल त्याने हवं तिथे बसा. कॅम्पसमधली पोरं बर्फ तुडवत आली आणि थेट खालच्या रांगांत. प्रेक्षक नेहमीपेक्षा कितीतरी कमी, आणि ती इमारत कधी नव्हे एवढी गरजली. तेच स्टेडियम, तीच टीम, फक्त माणसांच्या जागा बदलल्या. तुझ्या मित्राला हे सांग आणि तू पण ऐक, आकड्याचा आणि आवाजाचा संबंध फार थोडा आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नका. यूएनसी सरकारी विद्यापीठ, बहुतांश मुलं याच राज्यातली, त्यामुळे आमचे फॅन फक्त स्टेडियममध्ये नसतात. ज्यांच्या घरातलं कुणीही चॅपल हिलला शिकलं नाही अशी घरं पिढ्यानपिढ्या आकाशी निळा घालतात. माझ्या शेजारच्या आजी कधी स्टेडियमच्या आत गेलेल्या नाहीत, पण मॅचच्या दिवशी त्यांना फोन करायचा नाही हे आख्ख्या गल्लीला माहितीये. यांची हजेरी कुठल्या आकड्यात धरणार?

तंबूवाल्या_मुलीची_आई

मी ठाण्याहून लिहितेय. माझी मुलगी ड्यूकला अंडरग्रॅडला आहे आणि मागच्या हिवाळ्यात ती तंबूत होती. पहिल्यांदा तिने व्हिडिओ कॉलवर तो तंबू दाखवला तेव्हा माझा जीव वरखाली झाला, एवढी फी भरून पोरगी थंडीत चिखलात झोपते आणि रात्री सायरन वाजला की उठून हजेरी द्यायला पळते. मी तिला खूप बोलले. मग तिने समजावलं की फार गारठा असला की हजेरी माफ करतात, घरी पाठवतात, आणि तिथे वायफाय आहे, अभ्यासही तिथेच चालतो. एका मुलाची परीक्षा असली तर बाकीचे त्याची पाळी घेतात.

पहिलं वर्ष तिचं फार एकटं गेलं होतं हे मला माहीत होतं, ती सांगायची नाही पण आवाजावरून कळतं ना आईला. त्या तंबूतल्या मुलामुलींशी तिची जी मैत्री झालीये ती आता घट्ट आहे. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण मी आता पहाटे उठून मॅच लावते. आमच्याकडे पहाटे पाच-साडेपाचला लागते ना ती.

भरत_नाट्यचा_प्रेक्षक

मी पुण्यातून वाचतोय, अमेरिका पाहिलेली नाही पण मॅचेस नेटवर बघतो. हे सगळं वाचून मला पुरुषोत्तम करंडक आठवला. भरत नाट्य मंदिर काही फार मोठं नाही, पण ‘आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की कान बधिर होतात, आणि ओरडणारे सगळे तालमींना जागलेले, सेट उचललेले, किंवा त्यांचे मित्र. कॉलेजसाठी घसा फोडणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

पण मला उलट बाजू पण मांडायचीये. फेब्रुवारी २०१९ ची मॅच बघा. कॅमेरॉनमध्ये ड्यूकचा स्टार खेळाडू झायन विल्यमसनला बघायला बराक ओबामा आलेले, तिकिटं हजारो डॉलरला गेली, आणि पहिल्या मिनिटातच झायनचा बूट फाटला, तो गुडघा धरून बाहेर. कॅरोलिनाने ८८-७२ ने मारलं. त्या रात्री जे हजारो डॉलर मोजून आले त्यातले किती ड्यूकसाठी आले होते आणि किती नुसते झायनसाठी? मग फेब्रुवारी २०२१, कोविडमुळे कॅमेरॉनमध्ये प्रेक्षकच नाहीत, कॅरोलिनाने ९१-८७ ने जिंकली. ड्यूकचं ते वर्ष वाईटच गेलं, एनसीएए, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेतही जागा मिळाली नाही. त्या वर्षी घरी बसून ज्यांनी प्रत्येक मॅच पाहिली त्यांना मी फॅन म्हणतो.

कार्मायकेलप्रेमी

सगळेजण फक्त पुरुषांच्या मॅचबद्दल बोलताय याचं मला खरंच वाईट वाटतं. ड्यूक-कॅरोलिना बायकांच्या टीम्स पण दरवर्षी भिडतात आणि तिथे तंबू नाही, लॉटरी नाही, आयत्या वेळी गेलात तरी बहुतेकदा जागा मिळते. कॅरोलिनाच्या मुली कार्मायकेल नावाच्या स्टेडियममध्ये खेळतात, म्हणजे ज्या कोर्टवर मायकल जॉर्डन कॉलेजात असताना खेळला तिथे. याच कॅरोलिनाच्या मुलींनी १९९४ ला नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, लुइझियाना टेकविरुद्ध, ०.७ सेकंद शिल्लक असताना शार्लट स्मिथने तीन पॉइंटचा मारला. तुम्ही ‘कॉलेजवर प्रेम’ म्हणता ना, मग जर्सी तीच, रंग तोच, वैर तेच. पुरुषांच्या मॅचला तंबूत झोपणाऱ्यांपैकी किती जण इथे येतात ते एकदा स्वतः येऊन बघा. मी माझ्या दोन्ही मुलींना नेते आणि त्यांना खेळाडूंची नावं पाठ आहेत.

डरहॅममध्ये_नवा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं उत्तर मिळेल वाटलं नव्हतं. ताई, २००० चा किस्सा मित्राला पाठवला, तो म्हणे हेच तर मी सांगत होतो (सांगत नव्हता). काकू, तुमचं वाचून मी आईला फोन केला. कार्मायकेलला आम्ही दोघं नक्की जाणार, तारखा आल्या की कळवा प्लीज.

जुना_ब्लू_डेव्हिल दादा, कॅम्पआउटचं राहिलं. आणि ५ मार्च २०२२ ला तुम्ही होतात का? कोच केंची कॅमेरॉनमधली शेवटची मॅच?

जुना_ब्लू_डेव्हिल

आत नव्हतो, ती तिकिटं आपल्या आवाक्यातली नव्हतीच. घरी बघितली. ड्यूकमधली ४२ वर्षांची कारकीर्द, जुने खेळाडू ढिगाने आलेले, आणि कॅरोलिनाने ९४-८१ ने हरवलं. कोच केंनी माइक हातात घेऊन आजचा खेळ मान्य नाही असं सरळ सांगितलं. पोरं मात्र निरोपाचा कार्यक्रम संपेपर्यंत थांबली, रडत होती. महिन्याभराने न्यू ऑर्लिन्सला फायनल फोरमध्ये (उपांत्य फेरीत) पुन्हा तेच, ८१-७७, एनसीएए स्पर्धेत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आणि आपण हरलो. ताईंच्या चॅपल हिलमध्ये फ्रँकलिन स्ट्रीटवर त्या रात्री मुंगीला जागा नव्हती. मी दुसऱ्या दिवशी ड्यूकचा टीशर्ट घालूनच ऑफिसला गेलो, आणि कॅरोलिनावाल्या कलीगने एक शब्द न बोलता कॉफी आणून दिली.

कॅम्पआउट कर. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ पार्किंग लॉटमध्ये काढायचं, अधूनमधून कधीही हजेरी होते, हजेऱ्या चुकवल्या की नाव कटतं. जे टिकतात त्यांची लॉटरी निघते आणि लागली तर सिझन तिकीट विकत घेता येतं, त्यात कॅरोलिनाची घरची मॅच आलीच. लॉटरी लागेलच असं नाही हे डोक्यात ठेवून जा. डिपार्टमेंटमधल्या चार-पाच जणांनी मिळून सामानाचा ट्रक भाड्याने घ्या, खूप जण तसंच करतात, आत गाद्या टाकल्या की झोपायची सोय होते. पाऊस आला तर सप्टेंबरमध्ये पण गार पडतं, एक जाड चादर आणि पॉवर बँक घे. असाइनमेंट शुक्रवार दुपारपर्यंत उरकून टाक, तिथे गेल्यावर काही होत नाही. ट्रकसाठी माणसं कमी पडली तर मेसेज कर, माझ्या ओळखीतली दोन मराठी मुलं यंदा पहिल्यांदाच जातायत, तेही सोबतीला माणसं शोधतायत.