मे महिन्यात आई-मावशी मुंबईत येताहेत: चपला कुठल्या घेऊ आणि फिरवू कुठे?

वऱ्हाडची_लेक
नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते. मे महिन्यात नागपूरहून आई, मावशी आणि दहा वर्षांची भाची येताहेत. इथल्या उकाड्याची कल्पना द्यावी म्हणून फोन केला, तर आई म्हणते, "चौतीस म्हणजे काही ऊन आहे का बाप्पा? आमच्याकडे पंचेचाळीस होऊन राहिलं!" हिला कसं समजावू?

दोघी पासष्टीच्या पुढच्या. आईची टाच सकाळी उठल्या उठल्या दुखते, मावशीला मधुमेह आहे. पायात दोघींच्याही पातळ रबरी सपाता, घरातही त्याच आणि बाजारातही त्याच. तेव्हा पहिला प्रश्न पादत्राणांचा. उन्हात, लोकलमध्ये, देवळात, सगळीकडे चालेल असं काय घ्यावं आणि कुठून?

दुसरा प्रश्न फिरण्याचा. मॉल नकोत, ते नागपुरात भरपूर आहेत. काहीतरी मराठी, काहीतरी जुन्या मुंबईचं दाखवायचं आहे. खर्च फार नको आणि दुपारी डोक्यावर छप्पर हवं.

सातची_लोकल
आईंना सांगा, नागपुरात घाम वाळतो, मुंबईत तो मुक्कामाला येतो. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग गार पडतं. इथे हवाच ओली, त्यामुळे चौतीसलाही माणूस निथळत राहतो आणि थकवा लवकर येतो. सुती किंवा मलमलचे सैल कपडे आणि एक जादा ब्लाउज पिशवीत, एवढं केलं तरी पुष्कळ. सिंथेटिक साड्या नागपुरातच ठेवायला सांगा.

पायीपायी
पायांचं मी सांगतो, माझा आवडता विषय आहे.

टाचदुखीला सपाट रबरी सपातेइतकं वाईट काही नाही. तळव्याला आधार मिळत नाही, आणि चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आवळलेली राहतात. आईंसाठी मागे पट्टा असलेली सँडल घ्या. टाच किंचित उंच, टाचेखाली खोलगट बैठक आणि पट्टे वेल्क्रोचे, म्हणजे सूज आली की सैल करता येतात. दुकानात सँडल हातात घेऊन वाकवून बघा. चवड्यापाशी वाकली तर ठीक. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा, दुकानदार कितीही 'ऑर्थो आहे, ऑर्थो आहे' म्हणो.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी मापात बसलेली सँडल दादर येईपर्यंत काचायला लागते. दोन्ही पायांत घालून दुकानात फेऱ्या मारायला लावा, लाजू नका. दोन पावलांत थोडा फरक असतोच, मोठ्या पावलाचं माप धरा.

मावशींचं थोडं वेगळं. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, मग चटका बसलेला किंवा फोड आलेला कळतच नाही. त्यामुळे नवीन कडक चामडं नको, आणि भर दुपारी देवळाच्या फरशीवर किंवा चौपाटीच्या वाळूत अनवाणी अजिबात नको. सुती मोज्यांचा जोड पिशवीत असू द्या. देवळात चपला काढल्या की मोजे घालायचे. रात्री तळवे बघायची सवय लावा, त्यांना स्वतःला दिसत नसतील तर भाचीला कामाला लावा.

अजून एक. कपाटात 'चांगले' म्हणून वर्षानुवर्षे जपून ठेवलेले स्पोर्ट्स शूज त्या घेऊन येणार असतील तर आधी सोल दाबून बघायला सांगा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सोल हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, वापरला नाही तरी. वरून बूट नवा दिसतो आणि फलाटावर सोलचा भुसा होतो. स्टेशनांबाहेर बूट हातात धरून गटईच्या टपरीकडे निघालेली जी माणसं दिसतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं.

कुठून घ्यायचं? दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आसपास दुकानं भरपूर आहेत, तिथे बसून घालून बघता येतं. वेळ असेल आणि घासाघीस जमत असेल तर कुर्ला-चेंबूरच्या मधली ठक्कर बाप्पा कॉलनी. तिथे घराघरांत चपला बनतात, अर्ध्या मुंबईच्या दुकानांत तिथलाच माल असतो. पण तो भाग गजबजलेला आहे. आईंना नेऊ नका, माप घेऊन तुम्हीच जा.

पंचगंगा
एवढं सगळं लिहिलंत आणि कोल्हापुरीचं नाव नाही? उन्हाळ्यात कोल्हापुरीसारखं सुख नाही हो. चामडं वनस्पतींच्या सालीफळांनी कमावलेलं, पाय घामेजत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ साली प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल आणली तेव्हा सगळ्यांना अचानक आठवण झाली, आम्ही जन्मापासून घालतोय.

पायीपायी
पंचगंगा, मीही घालतो, दोन जोड आहेत. पण टाच दुखणाऱ्या आणि मधुमेही बाईंना नवी कोल्हापुरी? सुरुवातीला ती चावते, तेल चोळून सैल करावी लागते. खालचं चामडं गुळगुळीत, स्टेशनच्या ओल्या जिन्यावर सटकते. हां, वऱ्हाडची_लेक, तुम्ही स्वतःसाठी खुशाल घ्या. फक्त पावसाच्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका, भिजली की संपली.

पंचगंगा
चावते ते मान्य.

ठाकुरद्वारचा
आता फिरण्याचं. मुंबईत मे महिन्यात जागा निवडण्याआधी वेळ निवडायची. सकाळी साडेनऊपर्यंत उघड्यावर, मग चारपर्यंत छपराखाली, संध्याकाळी समुद्राकडे. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, पश्चिम किनाऱ्याला तो चांगला लागतो. मुलुंडला तो पोचेपर्यंत दमलेला असतो, माफ करा.

मेट्रो-३ पूर्ण सुरू झाल्यापासून आमच्या गिरगावात येणं फार सोपं झालंय. मुलुंडहून एसी लोकलने सीएसएमटी. तिथे भुयारी मेट्रो पकडा, काळबादेवीनंतर गिरगाव. घामाचा थेंब नाही. सकाळी लवकर खोताची वाडी बघा, लाकडी जिने आणि ओसऱ्यांची जुनी घरं आहेत. लोक तिथे राहतात, तेव्हा खिडक्यांत डोकावून फोटो काढू नयेत. तिथून केशवजी नाईकांची चाळ. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो, १९०१ मध्ये खुद्द टिळक आले होते. आईंच्या वयाच्या लोकांना ही चाळ फार भावते. पाटी वाचतात आणि मग कुठल्यातरी जिन्यावरच्या आजींशी गप्पा सुरू.

ऊन चढलं की टॅक्सीने गावदेवीला मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. पंखे आहेत, शांतता आहे, तिकीट नाही. वरच्या मजल्यावर त्यांची खोली तशीच ठेवली आहे. भाचीला तिथल्या छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांची दालनं आवडतील.

संध्याकाळी बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तळ्यात गोडं पाणी. दगडी पायऱ्या संध्याकाळी सहानंतर निवलेल्या असतात, त्याआधी बसाल तर भाजून निघाल. पायऱ्या उंच आहेत, आईंना वरच्या टप्प्यावरच बसवा.

रविवारची_सुट्टी
घारापुरी कुणीच कशी सुचवली नाही? गेटवेहून तासाभराचा बोटीचा प्रवास आणि ती भव्य त्रिमूर्ती, बाहेरगावच्या पाहुण्यांना न्यायलाच हवं.

ठाकुरद्वारचा
डिसेंबरमध्ये न्या. मे महिन्यात बोटीतून उतरल्यावर शंभराहून जास्त पायऱ्या, वर माकडं, हातात भाचीचं आइस्क्रीम. लेण्यात गारवा असतो हे खरं, पण तिथवर पोचल्यावर आईंना त्रिमूर्तीपेक्षा पाण्याची बाटली जास्त पूज्य वाटेल.

रविवारची_सुट्टी
डोलीवाले असतात की. आणि पहिली बोट पकडली तर इतकंही वाईट नाही. असो, आपापली ताकद. सोमवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा.

गोरखचिंच
घारापुरीला जमत नसेल तर तिथला हत्ती भायखळ्यात आहे! ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना तुटला. तुकडे इथेच राहिले आणि पुढे जोडून उभे केले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, राणीच्या बागेला लागून आहे. नीट बघितलं तर सांधे दिसतात.

राणीची बाग तर मे महिन्यात जायचीच जागा. १८६१ पासूनची झाडं, सावली दाट. लोक पिंजरे बघत पळतात आणि झाडांकडे कुणी मान वर करत नाही. गोरखचिंचेचा बुंधा भाचीला कवेत घ्यायला सांगा. उन्हाने अगदीच कासावीस झालात तर पेंग्विनचं दालन आहेच. बुधवारी बाग बंद.

वऱ्हाडची_लेक
केवढी माहिती! हत्तीचं मला माहीतच नव्हतं, भाचीला हे नक्की आवडणार. आईला चपलांचं वाचून दाखवलं, ती म्हणाली, "वेल्क्रो म्हणजे ते चर्र आवाज करणारं? देवळात सगळे वळून पाहतील." मावशी मात्र तयार आहे.

दोन गोष्टी अजून. भाची लेणी-लेणी करतेय, शाळेत शिकवलंय. आणि आईला नाटक बघायचं आहे, टीव्हीवर दिसणारे लोक समोर.

गोरखचिंच
लेण्यांसाठी कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, शंभरावर लेणी. मात्र उद्यान उघडताच आत शिरा. काळा पाषाण तापला की वर थांबता येत नाही. भाचीला मूर्तींइतकंच पाणी दाखवा. जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर खडकात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं आहे. पावसाचं पाणी तिथवर नेणारे पन्हळही कोरले आहेत. भिक्खूंनी डोंगरावर वर्षभर राहायची सोय करून ठेवली होती. खडकातल्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, तेव्हा खाचांचा सोल हवाच. मावशी-आई खालच्या मोठ्या चैत्यगृहात बसू शकतात, वरची चढाई तुम्ही दोघी करा. सोमवारी बंद.

तिसरी_घंटा
नाटकासाठी मे महिना उत्तम, बालनाट्यांचाही हंगाम असतो. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, तुमच्या जवळ ठाण्याचं गडकरी रंगायतन. रविवारी दुपारचा चारचा प्रयोग धरा, उन्हाची वेळ एसीत जाते. आईंना शाल द्या, गंमत नाही करत. बाहेर घामाने चिंब आणि आत गारठा, दुसऱ्या दिवशी हमखास शिंका. मध्यंतरात बटाटेवडा घ्यायचा, मात्र रांगेत पडदा पडण्याच्या दोन मिनिटं आधी.

शिवाजी मंदिराच्या प्रयोगानंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसता येईल. नागपूरकरांना रात्री नऊला एवढी माणसं नुसती बसलेली बघून नवल वाटतं.

कोकम_आगळ
खाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून येतेय. कोकम सरबत आणि पन्हं घरूनच बाटलीत न्या, रस्त्यावरच्या बर्फावर माझा विश्वास नाही. मावशींच्या पन्ह्यात साखर-गूळ जपून, नाहीतर त्यांना नुसता सोलांचा मिठातला पातळ सार द्या. ताडगोळे मात्र रस्त्यावरूनच घ्या, सोललेले नकोत, समोर सोलून देतील. कोवळा असेल तर बोटाने दाबला जातो आणि आत पाणी असतं. बोरिवली बाजूला स्टेशनबाहेर आदिवासी बायका करवंदं-जांभळं घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात. नागपूरच्या लोकांना संत्र्याचा फार अभिमान असतो, त्यांना करवंदं खाऊ घाला.

वऱ्हाडची_लेक
कोकम_आगळ, आईपर्यंत हे पोचवत नाही, भांडण होईल.

ठरलेलं असं: दादरला चपला, त्याच संध्याकाळी शिवाजी पार्क. गिरगाव-मणिभवन-बाणगंगा एक दिवस, राणीची बाग एक दिवस, कान्हेरीला भाची आणि मी. एका रविवारी गडकरीला नाटक. घारापुरी हिवाळ्यात. एक शंका, काळा घोड्याला जहांगीर कलादालन आणि म्युझियम एका दुपारी होईल का? दोघींना फार उभं राहवत नाही.

ठाकुरद्वारचा
जहांगीर छोटं आहे आणि फुकट, अर्ध्या तासात होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मोठं, तिथे सगळं बघायचा हट्ट करू नका. तळमजल्यावरची शिल्पं आणि वरची लघुचित्रं, बस्स. बाकं आहेत, बसवत बसवत न्या. मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरा, सीएसएमटीनंतरचंच स्टेशन.

पायीपायी
आणि त्या दिवशी नव्या सँडल पहिल्यांदा घालू नका. आधी चार दिवस घरात घालून फिरू द्या. आवाजाची लाज वाटत असेल तर बकलवाल्याही मिळतात, फक्त बकल बाहेरच्या बाजूला हवं, म्हणजे वाकून लावायला सोपं जातं.