भरडावरच्या काजूचा मोहोर (घरचा ग्रुप)

सुलभाआत्या: वरच्या भरडावरची पंधरा-वीस झाडं भाजल्यासारखी दिसतायत. मोहोर काळा पडलाय. फोटो टाकलेत. कोणी बघणार आहे, की दरवेळी मीच?

नितीन: आत्या, करपा असेल. बुरशीनाशक मारा.

मधुकाका: करपो नाय रे, ढेकण्या हा. कवळ्या देठार काळे चट्टे दिसतत मां? सोंड खुपसून रस ओढता. लाळ विषारी. बुरशी मागसून येता.

दिलीपदादा: फवारणीचे प्रत्येकी १५०० घेतले होते. हिशोब?

केतकी: म्हणजे हेलोपेल्टिस! टी मॉस्किटो बग म्हणतात, पण डास नाही, ढेकणाच्या भावकीतला. काका, पाठीवर टाचणी टोचल्यासारखा काटा आहे का? टोकाला गोळी?

मधुकाका: हा तर. लाल मान, काळा डोक्या.

केतकी: मग तोच. अंडी देठाच्या आत खुपसतात, बाहेर नुसते दोन केस. त्यामुळे एका फवारणीत संपत नाही.

नितीन: केतकी एम.एस्सी. झाली हे कळलं सगळ्यांना 😄🙏

वहिनी: ती निदान वाचून तरी बोलते, नितीन भावोजी.

दिलीपदादा: १५०० गुणिले सात. हिशोब?

मधुकाका: तीनदा मारूचा लागता. पालवी, मोहोर, मगे बी धरताना. पयली झाली. दुसरेक गडी मिळाक नाय.

सुलभाआत्या: परड्यातल्या कडुलिंबाचे शेंडेपण वाळलेत.

केतकी: त्याला पेरू, शेवगा, कडुलिंब सगळं चालतं. पावसात गायब, थंडीत पालवी फुटली की हजर.

बाबल्या: आपल्या ठाण्याच्या मंडळींसारखा 😂

मधुकाका: खरां सांगू? त्या झाडांर हुमल्यांची, तांबड्या मुंग्यांची, घरटी होती. हुमले असले की ढेकण्या थारत नाय. दिवाळीत कोणी जाळल्यान ती?

नितीन: हा मेसेज डिलीट केला आहे

नितीन: मुलांना चावत होते काका. मिनूचा डोळा सुजला होता.

केतकी: जावा बेटावर कोकोच्या बागांत याच किड्यासाठी मुंग्या मुद्दाम सोडायचे.

बाबल्या: आमच्याकडे दिल्या असत्या तर चटणी केली असती. जाळून काय मिळालं!

सुलभाआत्या: चेष्टा पुरे. मोहोरावर मधमाश्या बसतात, तेव्हा औषध संध्याकाळी उशिराच. शनिवारी कोण येतंय?

वहिनी: आमच्याकडे बारसं आहे.

नितीन: रजा नाही. पैसे पाठवतो.

दिलीपदादा: आधीच्या पैशांचा हिशोब?

मधुकाका: दिलीप, पावत्यो फडताळात हत. येऊन बघ. येताना पंप घेऊन ये.

दिलीपदादा: 👍